बाराजणांची गाडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा म्हणून जें उत्तरेकडील संस्थान आहे, त्याची राजधानी सेंट पॉल. ह्या शहराच्या कडेला ‘थ्री एम’ कंपनीचें मुख्य ठाणें आहे. आपल्याकडे घरोघर पाकिटें व फाटलेलीं पुस्तकें चिकटविण्यास जी पारदर्शक चिकटपट्टी वापरतात, ती १९३० सालीं प्रथम बाजारांत आणणारी कंपनी ती हीच. १९७३ च्या एप्रिल महिन्यांत ह्या कंपनीनें बारा आसनांच्या सहा मोठ्या मोटारी घेतल्या आणि त्या आपल्या नोकरांच्या हवालीं केल्या. नोकरांपैकींच एकानें गाडी चालवावयाची, आसपास राहणाऱ्या सहकाऱ्यांस बरोबर घेऊन कामावर यावयाचें, आणि संध्याकाळीं त्यांस पुन्हा घरोघर पोंचवावयाचें, एवढाच काय तो बेत. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या गोष्टीस जागा मिळालेली नाहीं, व ती मिळावी असा कोणाचा आग्रहही नाहीं. परंतु पोटासाठीं रोज घरापासून दूर जाणें ज्यांच्या नशिबीं आलें आहे (आणि आतां तें कोणाच्या आलें नाहीं?) त्यांनीं ती ऐकून घ्यावी अशी खास आहे. बंद बांध्याच्या अशा गाडीस इंग्रजींत व्हॅन म्हणतात. त्यावरून ह्या सहप्रवासाच्या पद्धतीस पुढें ‘व्हॅनपूल’ हें नांव पडलें.

ह्या योजनेचा जन्म तेलाच्या टंचाईंतून झाला असें पुष्कळ ठिकाणीं सांगण्यांत येतें. सनावळी पाहिली तर तें टिकत नाहीं. अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देणें बंद केलें तें १९७३ च्या ऑक्टोबरांत. सेंट पॉलच्या सहा गाड्या रस्त्यावर आल्या त्याच्या सहा महिने आधीं.  कंपनीला पेंच पडला होता तो निराळाच, आणि खरें सांगावयाचें तर कांहींसा हास्यास्पद. मोटारी उभ्या करावयास जागा पुरेना! शहराबाहेर ऐसपैस आवार घेऊन कंपनीनें कचेऱ्या व प्रयोगशाळा बांधिल्या; तेथें येणारा बहुतेक प्रत्येक मनुष्य आपापल्या मोटारींत एकटा बसून येई. एका मनुष्यास कचेरींत जेवढी जागा लागते, तिच्याहून त्याच्या रिकाम्या मोटारीस बाहेर अधिक लागते, ही गोष्ट हिशेब मांडल्याशिवाय कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नोकर वाढले कीं फरसबंदी वाढवावयाची. जमीन अपुरी पडली कीं मजल्यावर मजला चढवून मोटारींसाठीं इमारत उभी करावयाची. आणि एवढें करूनही सकाळीं व संध्याकाळीं फाटकापाशीं जी कोंडी होते ती सुटावयाची नाहींच. तेव्हां नोकराच्या मोटारीसाठीं इमारत बांधण्यापेक्षां नोकरांसाठीं मोटार घेणें स्वस्त पडेल, असा विचार तेथील वाहतुकीच्या तज्ज्ञांस सुचला. परोपकाराचा ह्यांत अंश थोडा होता. मालकाच्या चोख हिशेबांतून निघालेलीं कामें कित्येक वेळां परोपकारापेक्षां अधिक टिकाऊ निघतात, हें ध्यानांत ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

चारचौघांनीं मिळून एका मोटारींतून जाणें ही कल्पना मात्र १९७३ ची नव्हे. १९१४ सालीं लॉस एंजेलिस शहरांत फोर्ड मोटारीचे मालक पांच सेंटांत वाटसरूंस गाडींत घेऊं लागले. पांच सेंटांच्या नाण्यास तेव्हां बाजारी भाषेंत ‘जिटनी’ म्हणत. तेंच नांव त्या मोटारींस पडलें आणि थोड्याच महिन्यांत देशभर त्यांचा सुळसुळाट झाला. ट्राम कंपन्यांचे उतारू पळूं लागतांच त्या कंपन्यांनीं नगरसभांकडे धांव घेतली. परवाने, जामीनकी, ठराविक मार्ग असे नियमांवर नियम आले आणि दोनचार वर्षांत बहुतेक जिटनी नाहींशा झाल्या. भाडें घेऊन माणसें नेणारा तो सार्वजनिक वाहतुकीचा धंदेवाला, त्यानें परवाना काढलाच पाहिजे, ही दृष्टि मात्र कायद्यांत राहिली. ती पुढें कोठें आडवी आली तें यथावकाश येईलच.

दुसऱ्या महायुद्धांत ह्याच कल्पनेनें पुन्हा डोकें वर काढिलें. १९४२ च्या आरंभीं मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं गेले, आणि अमेरिकेस येणारें बहुतेक रबर तेथूनच येत असल्यामुळें टायर मिळेनासे झाले. त्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें, तें पेट्रोलपेक्षां टायर वांचविण्यासाठींच मुख्यत्वें होतें. वेगाची मर्यादाही ताशीं ३५ मैल ठरली. आपल्याकडे त्याच सुमारास कोळशाच्या गॅसवर मोटारी चालूं लागल्या होत्या, हें घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकिलें असेल. अमेरिकेच्या सरकारनें १९४३ सालीं एक भित्तिचित्र काढिलें. त्यांत एक गृहस्थ ऐटींत एकटाच मोटार हांकीत आहे आणि शेजारच्या रिकाम्या आसनावर हिटलरची पुसट आकृति बसलेली आहे. एकट्यानें मोटारींतून जाणारा शत्रूस सोबत घेऊन जातो, असा त्याचा आशय. चित्र प्रभावी खरें, परंतु त्यांतील उपाय सारा भीतीचा आणि देशभक्तीचा. युद्ध संपलें, टायर मिळूं लागले, आणि शेजाऱ्याची मोटार ती शेजाऱ्याची व आपली ती आपली असा पूर्ववत् कारभार सुरू झाला.

सेंट पॉलच्या योजनेचें वैशिष्ट्य येथेंच दिसून येतें. तिनें कोणाच्या देशभक्तीस हांक मारली नाहीं. गाडी कंपनीची, विमा कंपनीचा, दुरुस्तीचा खर्चही कंपनीच्या खात्यांतून. गाडीची घट, विमा, पेट्रोल, तेल, टायर ह्या सर्वांची बेरीज करून ती आठ उतारूंवर वांटावयाची व जें येईल तें प्रत्येकाचें मासिक भाडें धरावयाचें, असा तेथील हिशेब होता. आठ आसनें भरलीं कीं कंपनीचे पैसे वसूल. चालकास स्वतः भाडें नाहीं. त्याचें जाणेंयेणें फुकट. परंतु गाडींत तर चालकाशिवाय अकरा जणांची सोय! मग नववा, दहावा व अकरावा उतारू ह्यांचें भाडें कोणाचें? तें चालकाचें. शिवाय संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं मैलामागें ठराविक आकार देऊन घरच्या कामासाठीं गाडी वापरण्याची त्यास मोकळीक होती. मोबदल्यांत त्यानें गाडी स्वच्छ ठेवावयाची, वेळेवर दुरुस्तीस न्यावयाची, भाडें गोळा करावयाचें, आणि स्वतः आजारी किंवा रजेवर असला तर गाडी हांकण्यास दुसरा एक सहकारी तयार ठेवावयाचा.

ही रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. अशा उपक्रमांत मोडता कोठें येतो तें ज्यांनीं चारचौघांची भागी करून टांगा किंवा रिक्षा ठरविली आहे, ते जाणतात. एक सोबती सोडून गेला कीं उरलेल्यांवर बोजा वाढतो, बोजा वाढला कीं दुसरा सुटतो, आणि महिन्याभरांत सारा डाव मोडतो. रिकामें आसन हें कोणाचेंच दुःख नसतें, म्हणून तें रिकामेंच राहतें. येथें तें एका विशिष्ट माणसाचें दुःख करून टाकिलें होतें. नववा उतारू शोधण्यासाठीं कंपनीस पत्रकें काढावीं लागलीं नाहींत. चालकच दुपारच्या जेवणाच्या वेळीं टेबलाटेबलावर त्याची चौकशी करीत फिरणार! आणि तरीही तो टॅक्सीवाला होत नाहीं, कारण त्याच्यामागें बसलेले लोक उद्यां त्याच्याच कचेरींत त्याच्या शेजारीं बसणार असतात. भरधाव गाडी हांकली, उशीर केला, फाजील तंबाखू ओढली, तर त्याची दाद मागावयास दूर जावें लागत नाहीं. ओवेन्स व सेव्हर ह्या दोघांनीं १९७४ सालीं ह्या उपक्रमाचा जो अहवाल लिहिला, तो पुढें इतर कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनीं वहिवाटीच्या पुस्तकाप्रमाणें हाताळिला.

पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड भागांत कारखान्यांच्या बसगाड्या पाळीच्या वेळीं कामगारांस घेऊन जातांना आपण पाहतों. त्यांत व व्हॅनपूलमध्यें फरक आहे तो हाच. आपल्या बसचा चालक पगारी असतो. कामगार उतरल्यावर त्याचें काम उरतें तें गाडी उभी करून पुढच्या पाळीची वाट पाहण्याचें. बारा माणसांसाठीं असा पगारी चालक ठेवणें कोणत्याही कंपनीस परवडणार नाहीं, आणि चाळीस माणसें एका वाटेवर एका वेळीं मिळतील एवढी दाट वस्ती अमेरिकन उपनगरांत नाहीं. विखुरलेल्या घरांच्या देशांत मोठ्या बसचें जेथें चालत नाहीं, नेमकी तेथें ही बाराजणांची गाडी बसली.

१९७३ च्या हिंवाळ्यांत परिस्थिति एकदम पालटली. पिंपामागें सुमारें तीन डॉलर असणारी तेलाची किंमत नवें वर्ष उजाडतांना बाराच्या आसपास गेली. पेट्रोलच्या पंपांपुढें मैल मैल रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजीं अध्यक्ष निक्सन ह्यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें देशभर ताशीं ५५ मैलांची मर्यादा घातली, आणि त्याबरोबरच रस्त्यांसाठीं राखलेला पैसा सहप्रवासाच्या प्रयोगांवर खर्चण्यास मुभा दिली. राजधानी वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या शर्ली महामार्गावर बसगाड्यांसाठीं राखून ठेविलेली वाट १९७३ च्या डिसेंबरांत चार किंवा अधिक माणसें असलेल्या मोटारींसही खुली झाली. सेंट पॉलमध्यें जागेच्या तंट्यांतून निघालेली युक्ति आतां राष्ट्राची निकड झाली. टेनेसी व्हॅली अथॉरिटी, जिच्या धर्तीवर आपल्याकडे १९४८ सालीं दामोदर खोऱ्याचें महामंडळ स्थापन झालें, तिनेंही नॉक्सव्हिल येथील आपल्या नोकरांसाठीं बस, व्हॅन व सामायिक मोटारी अशी तिहेरी व्यवस्था उभारिली. १९७८ च्या कायद्यानें अशी गाडी विकत घेणाऱ्या मालकास तिच्या किंमतीच्या दहा टक्के करांत सूट मिळूं लागली; अट एवढीच कीं चालकाशिवाय आठ प्रौढ माणसें तींत मावलीं पाहिजेत व तिची शेंकडा ऐंशीं धांव नोकरांस नेण्याआणण्यासाठींच झाली पाहिजे.

परंतु सरकारचा एक हात देत असतां दुसरा हात अडवीत होता. जिटनींच्या काळापासून चालत आलेली ती परवान्याची दृष्टि येथें आडवी आली. आठ शेजाऱ्यांकडून महिन्याचे पैसे घेणारा हा कारकून किंवा एंजिनियर कायद्याच्या लेखीं बस कंपनी ठरूं शके! विमा कंपन्याही चक्रावल्या. घरची मोटार म्हणावी तर बारा माणसें, बस म्हणावी तर पगारी चालक नाहीं. अपघात झाला तर नोकर कामावर होता कीं वाटेवर, ह्याचा निकाल कसा लावावयाचा? एकेका संस्थानाच्या कायदेमंडळानें व्हॅनपूल ही सार्वजनिक वाहतूक नव्हे असें निराळें कलम घालावें तेव्हां कोठें तेथील कंपन्यांचा जीव भांड्यांत पडे. हें काम सत्तरीच्या दशकाचीं सारीं उत्तरवर्षें चाललें होतें. मला तर वाटतें कीं ह्या कलमांचा इतिहास गाड्यांच्या इतिहासापेक्षां अधिक बोधक आहे, परंतु तो येथें सविस्तर देण्यास अवकाश नाहीं. असो.

ओहोटी लागली ती तेलाबरोबरच. करांतील सूट १९८५ च्या अखेरीस संपली, आणि १९८६ सालीं तेलाची किंमत निम्म्याहून खालीं कोसळली. अमेरिकन खानेसुमारीचे आंकडे पुरेसे बोलके आहेत. १९८० सालीं शंभरांपैकीं जवळजवळ वीस नोकरदार कोणाबरोबर तरी मोटार वांटून घेऊन कामावर जात. १९९० सालीं ते तेरांवर आले, २००० सालीं बारांवर. कित्येक कंपन्यांनीं गाड्या विकून टाकिल्या. पेट्रोल स्वस्त झालें म्हणून जागेचा प्रश्न कांहीं मिटला नव्हता. परंतु प्रश्न जुना झाला म्हणजे लोकांस तो प्रश्न वाटेनासा होतो. स्त्रिया मोठ्या संख्येनें नोकरी करूं लागल्या, जातां येतां मुलांस शाळेंत सोडणें व बाजार करणें आलें, आणि ठराविक वेळीं ठराविक कोपऱ्यावर उभें राहणें अनेकांस जमेना. मुलाला ताप आला असा दूरध्वनि दुपारीं दोन वाजतां आला तर पांच वाजेपर्यंत गाडीची वाट पाहणारी माता त्या गाडींत दुसऱ्यांदां बसेल काय? म्हणून अडल्या वेळीं टॅक्सीनें घरीं पोंचविण्याची हमी देणारी जोडयोजना पुढें पुष्कळ ठिकाणीं निघाली. ती क्षुल्लक दिसते. परंतु तिच्यावांचून बाकीची इमारत उभी राहत नाहीं, हें अनुभवानें कळलें.

मालकांनीं सोडलेला धागा कांहीं ठिकाणीं सार्वजनिक संस्थांनीं उचलिला. त्यांत वॉशिंग्टन संस्थानांतील सिअॅटल शहर व त्याचा किंग परगणा ह्यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. तेथें गाडी परगण्याच्या वाहतूक खात्याची. चालक मात्र पूर्वीप्रमाणें उतारूंपैकींच. १९९१ सालीं त्या संस्थानानें केलेल्या कायद्यानें, सकाळच्या गर्दीच्या वेळीं शंभर किंवा त्याहून अधिक नोकर एका ठिकाणीं येत असतील तर त्यांचें एकट्यानें मोटारींतून येणें कमी करण्याची योजना मालकानें आंखलीच पाहिजे, असें ठरविलें. सिअॅटल पाण्यानें वेढलेलें. पलीकडच्या तीरावरून हजारों लोक आपापल्या मोटारींसह नावेंतून येतात. नोंदलेल्या व्हॅनपूलची गाडी आली म्हणजे तिला नावेवर चढतांना अग्रक्रम मिळतो. पावसाळी सकाळीं लांबच्या लांब रांगेला बगल देऊन पुढें जाण्यांत जें सुख आहे, त्याचें मोल कोणत्याही करसवलतींत मांडतां यावयाचें नाहीं!

आतांपर्यंत सांगितली ती सारी पांढरपेशांची कथा. एंजिनियर, कारकून, सरकारी नोकर. ज्यांच्या दाराशीं स्वतःची मोटार उभी आहे आणि जे ती स्वेच्छेनें घरीं ठेवून येतात, असे हे लोक. परंतु बाराजणांची गाडी अमेरिकेंत दुसऱ्याही एका वर्गाला फार दिवसांपासून परिचित होती. कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यांत टमाटे, द्राक्षें व कापूस ह्यांचीं विस्तीर्ण शेतें आहेत. त्यांवर राबणारे मजूर बहुतांशीं मेक्सिकोंतून आलेले. शेत आज येथें तर उद्यां पन्नास मैलांवर. मजुराजवळ मोटार नाहीं, बस तिकडे फिरकत नाहीं. तेव्हां ज्याच्याजवळ जुनीपानी व्हॅन आहे असा मनुष्य पहांटे मजुरांस गोळा करी व माणशीं रोजचे पैसे घेऊन शेतावर नेई. इंग्रजींतल्या ‘राइड’ शब्दास स्पॅनिश प्रत्यय जोडून लोकांनीं त्यास ‘रायतेरो’ असें नांव दिलें होतें. वरवर पाहतां सेंट पॉलच्या चालकांत आणि ह्या रायतेरोंत अंतर नाहीं. गाडी तशीच, उतारू एकाच वाटेचे, आणि जितकीं माणसें अधिक तितका चालकाचा लाभ अधिक, हें सूत्रही तेंच. परंतु येथें गाडीमागें उभी असणारी कंपनी नव्हती, विमा बहुधा नव्हता, आणि उतारूस दाद मागावयास जागा नव्हती. म्हणून जास्त माणसें मावावींत यासाठीं मूळचीं आसनें काढून गाडीच्या दोन्ही बाजूंस बांकें ठोकलेलीं असत. बांकांस पट्टे कोठून असणार? शेतमजुरांच्या गाड्यांस पट्ट्यांच्या कायद्यांतून त्या काळीं सूटच होती.

९ ऑगस्ट १९९९ रोजीं पहांटे फ्रेस्नो परगण्यांत फाइव्ह पॉइंट्स गांवाजवळ टमाट्याच्या कामावरील मजुरांची अशी एक व्हॅन, रस्त्यांत वळण घेत असलेल्या मालमोटारीवर आदळली. आंत पंधरा माणसें होतीं. त्यांपैकीं तेरा जागच्या जागीं किंवा लवकरच मरण पावलीं. असे अपघात त्या खोऱ्यांत पूर्वींही झाले होते, परंतु तेरा शवपेट्यांची रांग पाहिल्यावर संस्थानाच्या कायदेमंडळास स्वस्थ बसवेना. त्याच वर्षीं कायदा होऊन शेतमजुरांच्या गाड्यांस पट्टे व तपासणी आवश्यक झाली. कायद्यानें वाईट गाडी बंद करतां येते. परंतु ती बंद झाल्यावर मजुरानें शेतावर जावयाचें कसें, ह्याचें उत्तर कायद्यांत नव्हतें. तें शेजारच्या किंग्ज परगण्याच्या वाहतूक खात्यानें शोधिलें, आणि शोधिलें म्हणजे काय, तर सेंट पॉलची जुनी युक्ति शेतावर नेली. गाडी सरकारी संस्थेची, आसनें पुढें तोंड केलेलीं, प्रत्येकास पट्टा, विमा व दुरुस्ती संस्थेकडे, आणि चालक मजुरांपैकींच एक. २०११ सालीं अनेक परगण्यांनीं मिळून ह्या कामासाठीं ‘कॅलव्हॅन्स’ ह्या नांवाची संयुक्त संस्था उभारिली. शेतमजुरांबरोबर इतर नोकरदारांसही ती गाड्या देते.

तेथील नियमाप्रमाणें अशी गाडी हांकणाऱ्यास वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो, आणि गेल्या पांच वर्षांत दारू पिऊन किंवा बेफिकिरीनें गाडी हांकल्याबद्दल आपणांस शिक्षा झालेली नाहीं असें प्रतिज्ञेवर लिहून द्यावें लागतें. तो कागद गाडींतच ठेविलेला असतो. पहांटे चारच्या अंधारांत खोऱ्यांतील एखाद्या गांवाच्या कोपऱ्यावर गाडी थांबते, डोक्याला फडकें गुंडाळलेल्या बाया डबे सांवरीत आंत चढतात, आणि शेवटच्या आसनावरील पट्ट्याचा खटका ऐकूं आला म्हणजे चालक गाडी सुरू करितो. तोही त्यांच्याचबरोबर दिवसभर टमाटे निवडणार असतो.